सातव्या दारापाशी तात्या

आता मला तुम्हीच सांगा राव, तांदळाच्या पोत्यात माणसानं काय ठेवावं? तांदूळ! बरोबर? फार तर कीड लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला ठेवावा, आईचा जीव जास्तच तुटला तर वर चार लाडू ठेवावेत. पण आमच्या रविंद्रनं काय ठेवलं? व्हिडिओ गेम! तेही एक नाही, अख्खा गोतावळा! झाकण मोडलेलं आणि सायकलच्या ट्यूबनं बांधलेलं मशीन, दोन रिमोट, विटेएवढा जड अॅडाप्टर, वेटोळं घातलेली वायर आणि कॅसेटी... पिवळ्या, लाल, करड्या, आणि सगळ्यांच्या तळाशी एक काळी. बाकीच्यांवर निदान विमानं, रणगाडे असली चित्रं तरी होती. काळीवर काहीच नाही. नुसती चार वाकडी अक्षरं, कुठल्या मुलखातली ते देवाला ठाऊक. तुम्हाला सांगतो, तिथंच ओळखायला पाहिजे होतं. लक्षण बरं नव्हतं, राव!

बरं, साल कोणतं? दोन हजार पाच! म्हणजे हे गेम पोरांनी कधीच टाकून दिलेले. जुन्नरच्या गल्लीबोळात कॉम्प्युटर आलेले, पोरं सायबर कॅफेत जाऊन गाड्या पळवायची आणि हा एकोणीस वर्षांचा गडी म्हणायचा, 'जुन्याची मजा वेगळी.' अरे, एकोणिसाव्या वर्षी तुझ्याकडं जुनं असून असून काय असणार, पायातले मोजे? पण नाही! लहानपणापासून ज्यानं ज्यानं गेम टाकला त्याच्या दारात हा उभा. मामाच्या पोरांनी टाकला, हा घेऊन आला. मंचरला गेम भाड्यानं खेळायला देणाऱ्याचं दुकान बुडालं, हा तिथून खोकंच घेऊन आला. काळी कॅसेट त्यातलीच. दुकानदार म्हणाला होता, 'ती नाही नेलीस तरी चालंल.' आता एवढं सरळ सांगितल्यावर शहाणा माणूस काय करील? ठेवून येईल. ह्यानं ती खिशात घातली.

आणि होस्टेलला नेण्याचं कारण काय, तर आई! शिनोलीला घरी त्याच्या आईनं, फुलाबाईंनी, शेवटचं सांगितलं होतं, 'रव्या, त्यो भंगारवाला सोमवारी येनार हाय. तुझं त्ये खुळखुळं देऊन म्या लसून घेनार हाय.' लसूण! दहा वर्षं जमवलेला जीव की प्राण, आणि त्याचा भाव पावशेर लसूण! रव्याचं काळीज हललं. हे सगळं वाचवायचं म्हणजे घराबाहेर काढायचं, आणि घराबाहेर ह्याला दुसरी जागा कोणती? कॉलेजचं होस्टेल. होस्टेलच्या मेसला पोरांनी आळीपाळीनं घरचं धान्य आणायची पद्धत होती, शिनोलीकडची पोरं तांदूळ आणायची. झालं! रव्यानं रातोरात पोतं भरलं. खाली तांदूळ, मधे गेम, वर तांदूळ.

निघाला. घराबाहेर पाऊल टाकतोय तर समोरून बाई आली, डोक्यावर रिकामा हंडा. घोडेगावला गाडी बदलायला उतरला तर ज्या एसटीत चढायचं तिचं चाक बसलेलं. चढला तर कंडक्टर पोत्याला लाथ लावून म्हणतो, 'काय हाय यात?' हा म्हणे, तांदूळ. 'मंग खळखळतंय काय?' रव्या म्हणाला, 'जाड तांदूळ आहे.' कंडक्टरनं त्याच्याकडं असं पाहिलं की पुढं जुन्नर येईपर्यंत गड्यानं पोत्यावरचा हात काढला नाही. लक्षण बरं नव्हतं, राव! पण ऐकतंय कोण!

आता होस्टेल ऐका. गावाच्या कडेला, पाठीमागं ऊस. उसात बिबट्या आहे हे सगळ्यांना माहीत, त्यामुळं दिवस मावळला की पोरं फाटकाच्या आत. आणि फाटकाशी एक खोली. त्या खोलीत सावळेरामतात्या! बोरी बुद्रुकचे मोठे बागायतदार, होस्टेलची जमीन त्यांनी दिलेली. दिली आणि वर राखणीला स्वतःच येऊन राहिले, बायकोला घेऊन! मुलाचा बंगला बोरीला रिकामा, आणि हे इथं पोरांवर डोळा ठेवून. ज्या वस्तूवर नजर जाईल तिच्यावर त्यांचं नाव. बाकावर नाव, पिंपावर नाव, पंख्याच्या तिन्ही पात्यांवर लाल रंगात 'सावळेराम'. पंखा फिरताना ते नाव दिसायचं नाही, पण त्या काळी भारनियमनानं पंखा फिरायचा कधी? पोरं दिवसभर पलंगावर पडून सावळेराम वाचायची.

तात्यांचा कायदा एकच. अभ्यास सोडून होस्टेलात जे काही सापडेल ते कुकडी नदीत! परत देणं नाही, आईवडलांना बोलावणं नाही. एकाचा टेपरेकॉर्डर गेला, एकाचा कॅरमबोर्ड गेला, तो तर म्हणे तरंगत तरंगत पुलाखालून जाताना पोरांनी वरून पाहिला आणि ढसाढसा रडली. तर अशा माणसाच्या दारातून आमचा रव्या तो सगळा गोतावळा घेऊन आत शिरणार होता. बेत काय, तर आधी खोलीवर जायचं, गेम पलंगाखाली ढकलायचा, मग तांदूळ मेसला द्यायचा.

फाटकातच लंकाबाई! मेसच्या स्वयंपाकीणबाई. कमरेला पदर खोचलेला, आवाज असा की उसातला बिबट्याही जागा बदलेल. 'आलास का रं शिनोलीकर? आण त्ये पोतं. आधण ठिवलंय, तांदूळ न्हाई घरात!' हा म्हणतोय, 'मावशी, मी आणून देतो, जरा खोलीवर...' 'खोलीवर काय तांदळाला पलंग द्यायचाय?' आणि उचललं की राव पोतं तिनं, काखेत धरल्यासारखं! हा मागं. तिनं पोतं सोडलं, माप आत घातलं, आणि मापाला काहीतरी लागलं. हात घातला. हातात काय आलं? वायर! काळी! ओढतेय, ओढतेय, संपेचना! आणि वायरीच्या शेवटी अडकून ती काळी कॅसेट, तांदळाच्या पिठानं पांढरी झालेली, वर वाकडी अक्षरं...

'करनी! आगं बया, करनी! व्हस्टेलावं कुनीतरी करनी केली गंऽऽ!'

तांदळात काळी वस्तू आणि वर न वाचता येणारं लिखाण, म्हणजे दुसरं असणार तरी काय? पोरं ताटं टाकून उभी राहिली. त्या दिवशी त्या तांदळाला कुणी शिवलं नाही. लंकाबाईनं सगळं सामान चिमट्यानं उचलून सुपात भरलं, वर लिंबू ठेवलं आणि हात लांब करून, तोंड फिरवून, ते सूप तात्यांच्या खोलीत नेलं. पाठीमागं सगळं होस्टेल, आणि सगळ्यांच्या मागं रव्या, रंग उडालेला. त्याला कुकडी दिसत होती. पिवळ्या, लाल, करड्या कॅसेटी पुलाखालून चाललेल्या दिसत होत्या.

तात्यांनी सूप पाहिलं. लिंबू उचलून झुंबरबाईंकडं दिलं, म्हणाले, 'सरबत कर.' झुंबरबाई म्हणजे तात्यांच्या मालकीणबाई. कोपऱ्यात मटकी निवडत बसलेल्या, बोलणं जवळजवळ नाहीच. मग तात्या म्हणाले, 'कुनाचं हाय?'

राव, काय वाटलं असेल सांगा पोराला? गप्प बसला असता तर करणी म्हणून गेलं असतं पाण्यात, बोलला तर कायद्यानं जाणार. पण आपलं माणूस गर्दीत सापडल्यावर ओळख नाकारायची कशी? पुढं झाला. 'तात्या, माझं आहे. गेम आहे तो. टीव्हीला लावून खेळायचा.'

'त्येनं टीव्हीची पिक्चर ट्यूब उडती म्हनत्यात.'

'नाही उडत, तात्या.'

'मंग लाव ह्या माज्या टीव्हीला. बिनतपासाचं म्या काय फेकत न्हाई. आदी बघतो, मंग टाकतो.' आणि बोट कशाकडं केलं? 'ती काळी लाव. तिलाच बाई भ्याली ना?'

पिवळी नाही, लाल नाही, काळी! रव्यानं मशीन जोडलं. आता जुनी कॅसेट म्हटल्यावर घालायच्या आधी काय करतात? फुंकर मारतात, धूळ जायला. ह्यानं मारली. लंकाबाई दारातून किंचाळली, 'बगा! बगा फुकतोय! मंतर मारतोय मेला!' आणि पडदा लागला. काळाभोर. त्यात एक विहीर. विहिरीला पायऱ्या, आणि पायरीवर एक एवढासा माणूस, हातात कंदील. वाजत काय होतं, तर तीनच सूर, पुन्हा पुन्हा तेच. दारातल्या पोरांनी माना लांब केल्या.

तात्या पुढं सरकले. 'ह्यो कुठं चाललाय?'

'खाली.'

'खाली काय हाय?'

'दारं आहेत. एकेक दार उघडत जायचं. पण शेवटी काय ते माहीत नाही तात्या, तिथवर कोणी पोचलेलंच नाही.'

'वर येतो का परत?'

'नाही. वर यायचं बटणच नाही.'

तात्यांनी त्या कंदिलाकडं पाहिलं. मग हात पुढं केला. 'दे इकडं.' लक्षण बरं नव्हतं, राव!

पहिल्या दिवशी पहिल्याच पायरीवरून पडले. 'मेला?' रव्या म्हणाला, 'अजून दोन लाइफ आहेत.' 'दोन? ह्येला तीन जनम, आन् आमाला एक? कुनी केला ह्यो कायदा?' पुन्हा पडले. पुन्हा. वटवाघळं येतात, पाणी चढतं, किल्ली सापडत नाही... पण दुपार कलेपर्यंत म्हातारा पहिल्या दारापाशी पोचला, आणि दार उघडल्यावर जो काही हसला ना, झुंबरबाईंनी मटकीतून मान वर करून पाहिलं. म्हणे लग्नानंतर तेव्हाच हसला असेल.

मग काय, सुटलं का पोतं? कुठलं! तात्यांनी फर्मान काढलं, 'पोतं माझ्या खाटंखाली ऱ्हाईल. तू रोज दुपारचं लाइट आली की यायचं आन् जोडून द्यायचं. एक दिस चुकलास की कुकडी हाय.' म्हणजे बघा, ज्याच्यासाठी आईशी भांडला तोच आता ओलीस! दुपारी कॉलेजात प्रॅक्टिकल, आणि हा इथं दुसरा रिमोट धरून बसलेला. सर विचारायचे, 'काय हो शिनोलीकर, कुठे असता?' हा सांगणार काय? विहिरीत असतो म्हणून?

आणि तात्या बदलत चालले, राव. आधी बाजारात जायचं सोडलं, मग पंचायतीच्या लोकांना भेटायचं सोडलं. एकदा बांधाचा वाद घेऊन माणसं आली, दाराशी ताटकळली, आतून तात्या ओरडले, 'थांबा! पानी चढतंय!' ती माणसं नदीकाठची. त्यांनी ऐकलं मात्र, वाद टाकला आणि नदीतल्या आपापल्या पाण्याच्या मोटारी काढायला पळत सुटली, धरण सोडलं म्हणून! हसताय? हसा. पण त्याच आठवड्यात तात्यांनी तिजोरीच्या किल्ल्या मुलाला देऊन टाकल्या. शेताची वाटणी करून टाकली. झुंबरबाईंना म्हणाले, 'आता त्ये शेवटी काय हाय तेवढं बगितलं की मी मोकळा.' हे एवढं सरळ बोलणं रव्याला काही बरं वाटेना. त्या कंदिलवाल्या माणसाशी तात्या आता बोलायला लागले होते, 'चल गड्या, हळू, उतार हाय.' आणि पोराला, खरं सांगतो, भीती वाटायची आणि मायाही वाटायची. घरी ह्याच्या गेमला कुणी खुळखुळा सोडून काही म्हटलं नव्हतं, आणि इथं एक सत्तरीचा माणूस त्याच्यासारखाच श्वास रोखून बसत होता.

आणि तो दिवस आला. सातवं दार. तिथवर रव्याही कधी गेला नव्हता. किल्ली मिळालेली, पाणी घोट्याला, तात्यांच्या कपाळावर घाम, झुंबरबाईंची मटकी थांबलेली, कंदीलवाला माणूस दारासमोर उभा, आता फक्त बटण दाबायचं... आणि लाइट गेली!

जुन्या गेमचं असंच असतं, तुम्हाला माहीत आहे. त्यात राखून ठेवायची सोय नाही. लाइट गेली की सगळं गेलं, पुन्हा पहिल्या पायरीपासून. रव्याला वाटलं, आता म्हातारा मशीनच फोडतो. पण तात्या शांत. म्हणाले, 'जाऊ दे. येईल तवा पुन्यांदा निगू.' भिंतीला टेकले, डोळे मिटले. रिमोट हातातच. खोलीत अंधूक, पंखा थांबलेला, वर पात्यांवर त्यांचंच नाव. लाइट यायला वेळ लागला. आली तेव्हा रव्यानं उठून चॅनल लावला, कॅसेट काढून पुसली, पुन्हा घातली, ते तीन सूर वाजले. म्हणाला, 'तात्या, आली.'

लाइट आली हो. तात्या गेलेले.

रव्या रडला. तोंड लपवून नाही, उघड रडला. आणि कोपऱ्यात झुंबरबाई उठल्या, तात्यांच्या हातातून रिमोट सोडवला, पदरानं पुसला आणि पोत्यावर ठेवला.

आता इथून पुढं बघा. तात्यांचा मुलगा कुंडलिकशेठ. टोमॅटोचा व्यापारी, पांढरे कपडे, गळ्यात साखळी, पायात बूट असे की आधी बूट येतात मग शेठ येतो. त्याला लंकाबाईनं सगळं सांगितलं, 'म्या तवाच म्हनलं व्हतं शेठ, करनी हाय. तांदळातनं निगाली ती काळी. त्या पोरानं फुकून फुकून लावली आन् तात्या गेले.' शेठनं पोत्याकडं पाहिलं, रव्याकडं पाहिलं. 'दशक्रियेला बाबांच्या अंथरुनाबरूबर ह्ये पोतंबी नदीत जाईल. आन् त्याच्यामागनं तुला ढकलायचा का नाय, त्ये मंग ठरवू.' लक्षण बरं नव्हतं, राव! अजिबात बरं नव्हतं!

तर दशक्रियेला रव्या बोरीला गेला, तो शोकासाठी किती आणि पोत्यासाठी किती हे त्याचं त्यालाच ठाऊक. आमच्याकडची दशक्रिया तुम्हाला सांगायला नको. मंडप, माइक, हजारभर माणूस, तीन पक्षांचे पुढारी, आणि प्रत्येकाला मेलेल्या माणसाचा आपणच लाडका होतो हे सांगायचं असतं. 'तात्यांच्या जाण्यानं तालुक्यात पोकळी निर्माण झाली आहे...' एकाची पोकळी संपली की दुसऱ्याची. इकडं कुकडीच्या काठाला पिंड मांडलेला. त्याच्यापलीकडं नदीत सोडायच्या सामानाचा ढीग, गादी, घोंगडी, काठी, आणि त्यावर ते पोतं. आणि पोत्याला टेकून रव्या, असा की बघणाऱ्याला वाटावं पोरगं दुःखानं खचलंय. प्रत्यक्षात तो एका हातानं पोत्याची गाठ चाचपत होता.

आणि कावळा येईना.

बाभळीवर कावळे भरपूर. ओळीनं बसलेले. खाली बघतायत. पण उतरेल तर शपथ. भाषणं थांबली. पुढारी घड्याळ बघायला लागले. ऊन चढलं. कावळा शिवत नाही म्हणजे मेलेल्या माणसाची इच्छा राहिलीय, हे शेंबड्या पोरालाही माहीत. मग सुरू झालं कबूल करणं. कुंडलिकशेठ पिंडापुढं हात जोडून, 'बाबा, चुलत्याचा बांध सोडतो.' कावळा हलेना. 'बाबा, हिरीवरचा हिस्सा भावकीला देतो.' हलेना. तंबाखू ठेवली, जिलेबी ठेवली. 'बाबा, आईला बंगल्यात नेतो, अंतर देनार नाय.' हलेना. शेवटी शेठ हात वर करून म्हणाला, 'बाबा, मी राजकारन सोडतो!' तेव्हा तर एका कावळ्यानं चक्क पाठ फिरवली.

माणसं कुजबुजायला लागली. 'काय राह्यलं असंल म्हाताऱ्याचं?' ऐन दुपारचं रणरणतं ऊन, खाली पाणी वाहतंय आणि वर ते काळे डोळे. गुरुजी हळूच म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिववू, शास्त्रात सोय आहे. तेव्हा झुंबरबाई पहिल्यांदा बोलल्या. 'गवताचा कावळा माज्या मालकाला चालायचा न्हाई. त्या शिनोलीच्या पोराला बोलवा. त्येंचा जीव तिकडं अडकलाय.'

हजार माणसांनी माना वळवल्या. रव्याचा हात पोत्याच्या गाठीवर! उठला. चालता चालता त्याला कळून चुकलं की आपण काही बोललो आणि कावळा नाही आला, तर पोतं जाणार आणि बहुतेक आपणही. कुणीतरी माइक त्याच्या तोंडापुढं धरला, माइक कर्कश्श ओरडला, अर्धे कावळे उडाले. झालं, संपलं! उरलेल्या अर्ध्यांकडं बघून रव्या म्हणाला, 'तात्या... मी रविंद्र... शिनोलीचा... तात्या, ते सातवं दार मी उघडतो. तिथंच नाही थांबत, पार शेवटपर्यंत नेतो तुम्हाला, शब्द देतो.' एवढं बोलून थांबायचं की नाही? नाही! गडी हिशेबी! पुढं म्हणतो, 'पण पोतंच पाण्यात गेलं तात्या, तर मी नेऊ कशानं?'

एक कावळा बाभळीवरून निघाला. सरळ खाली. शिवला! एक घास चोचीत धरून नदीवरून पलीकडं गेला. मंडपात नुसता गलका, 'शिवला, शिवला!' माणसं रडतायत, एकमेकांना धरतायत, आणि कुंडलिकशेठ बूट काढून धावत ढिगाकडं गेला आणि ते पोतं त्यानं स्वतःच्या डोक्यावर घेतलं.

वाचलं! रव्याला वाटलं, सुटलो. बिचारा! कावळ्याला शब्द दिलाय राव, ते काय हवेत जातं? शेठनं पोतं त्याच्या हातात दिलंच नाही. ते बोरीला बंगल्यात, तात्यांच्या फोटोखाली, पाटावर. 'दर महिन्याला तात्यांच्या तिथीला यायचं, खेळायचं, बाबांना पुढं न्यायचं. जीप पाठवीन.' आणि जीप यायची! परीक्षा असो, ताप असो, बहिणीचा साखरपुडा असो, शिनोलीत हॉर्न वाजला की फुलाबाईच त्याला ढकलायच्या, 'जा बाबा, दुसऱ्याचा आत्मा लटकत ठिवू नकू.' तिथं गेलं की मशीनला हळद-कुंकू, कॅसेटला अक्षता, भोवती बायाबापड्या हात जोडून. हा जरा वटवाघळाला धडकला की मागून हुंदके. 'कितव्या दारावं हायेत आता तात्या?' गड्याला खेळायची मजा ती काय राहिली? घाम! एक लाइफ गेलं की अख्खी भावकी त्याच्याकडं खुन्यासारखी बघायची. पुढं लग्नाचं बघायला लागले तर पोरीच्या बापानं विचारलं, मुलगा काय करतो? मध्यस्थ म्हणाला, 'तसा पंचायत समितीत क्लार्क हाय. बाकी म्हयन्यातनं एकदा सावळेरामतात्यांना घेऊन खाली जातो.' ते स्थळ परत आलंच नाही.

आणि मधल्या काळात झालं काय, सांगतो. दर खेपेला पहिल्या पायरीपासून निघून एक दिवस सातवं दार उघडलं त्यानं. नववं, दहावं, सगळी उघडली. एका तिथीला पाऊस लागलेला, माणसं पांगलेली, खोलीत तो आणि झुंबरबाई एवढेच, आणि शेवटचं दार आलं. काळ्या पडद्यात पांढरा उजेड झाला. आता कळणार, खाली काय आहे! उजेड वाढला, वाढला, विझला... आणि दिसलं काय? तीच विहीर. तीच पहिली पायरी. कंदील घेऊन तोच माणूस, आणि तेच तीन सूर. शेवट नाहीच! शेवटच्या दारातून बाहेर पडलं की माणूस पुन्हा वरच्या पायरीवर!

रव्यानं घाईघाईनं बटण बंद केलं. सांगणार कुणाला? पोचवतो म्हणून हजार माणसांसमोर शब्द दिलेला, आणि पोचायला जागाच नाही! मग वर्षानुवर्षं तेच, 'चाललेत तात्या. खालीच चाललेत. सावकाश.' जीप येते, हळद-कुंकू होतं, हा खेळतो. कसंबसं लग्न झालं, केस मागं सरकले, पोरगं शाळेत जायला लागलं, झुंबरबाई वाकल्या. लक्षण बरं नव्हतं, राव, पण आता लक्षण ओळखून तरी काय करणार!

शेवटी परवाच्या तिथीला त्याला राहवलं नाही. खोलीत कुणी नाही असं बघून म्हणाला, 'आजी, एक सांगतो. याला शेवट नाही. शेवटचं दार उघडलं की परत पहिल्यापासून सुरू होतं. मी तात्यांना कुठंच पोचवलेलं नाही.' आणि मान खाली घालून बसला.

झुंबरबाई शांतपणे म्हणाल्या, 'ठाव हाय मला.'

'तुम्हाला? कसं?'

'तू जातोस म्हयन्यातनं एक दिस. बाकीचे दिस मी एकलीच असती की बंगल्यात. कुंडलिक बाजारात, पोरं पुन्याला. तुज्या मागनं तीनदा फिरून आले मी त्या हिरीतनं.'

रव्यानं रिमोट खाली ठेवला. 'मग... सांगितलं का नाही तुम्ही?'

'सांगितलं असतं तर जीप बंद झाली असती. तू कशाला आला असतास मंग? ह्या घरात दुसरं येतंय कोन?'

रव्याच्या डोळ्यांत पाणी आलं, तो पुढं होऊन म्हातारीच्या पाया पडणार, तोवर तिनं पोत्यात हात घालून लाल कॅसेट काढली आणि त्याच्या मांडीवर ठेवली. 'रडतोस काय? ही लाव. आन् नीट ध्यान ठिव, कुठवर जाती मी ह्यात. माज्या दशक्रियेला माइकवर तुलाच बोलायचंय.'

त्यानं लावली, राव. लावणार नाही तर काय करील?